साम्याचा रकाना

आठवीच्या मराठीच्या प्रकल्पाला यंदा मी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ घेतला. पुस्तक वाचायचं, २०१७चा चित्रपट बघायचा, तुलना लिहायची. ग्रंथालयात पुस्तकाच्या दोनच प्रती, त्याही शिवण उसवलेल्या, म्हणून ऑफ तासांना मीच वाचून दाखवलं. बनेश फेणे फुरसुंगीचा, हे ऐकल्यावर वर्गात एकच गलका झाला. आमची शाळा हडपसरच्या पुढे, निम्मी मुलं तिकडचीच. बाहेर कुठे गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी कचरा डेपो काढतो. इथे तर त्यांच्याच गावचा पोरगा सायकल दामटत बदमाशांच्या मागे लागलेला!

तुलना म्हटली की आमच्याकडे तक्ता. साम्य पाच, भेद पाच, खाली निष्कर्ष, गुण दहा. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी भरायची घाई असते, रकाने मोजले की गुण तयार. मुलंही हे ओळखून असतात. ३८ पैकी २६ वह्यांत पहिला भेद एकच, शब्दसुद्धा तेच: ‘पुस्तक वाचतात, चित्रपट पाहतात.’ एकाने लिहिलं आणि वही बाकांवरून फिरली.

एका वहीत मात्र साम्याचा रकाना कोरा. भेदात एकच मुद्दा, तोही रेघ ओलांडून अर्धं पान खाली उतरलेला.

‘पुस्तकातला फेणे माझ्याएवढा आहे. सिनेमात तो मेडिकलच्या परीक्षेला आलाय, म्हणजे माझ्या दादाएवढा. माझ्याएवढ्या मुलाने गुंड पकडले तर लोकांना खरं वाटणार नाही, म्हणून त्याला मोठा केला असेल. पण बाई वाचत होत्या तेव्हा मला खरं वाटलं होतं. सिनेमात भागवत आजोबा स्वतःच आहेत. पुस्तकात ते दिसत नाहीत, पण त्यांचा फेणेवर विश्वास आहे हे कळतं.’

अठरा वर्षं शिकवतेय. लेखक पानावर दिसत नाही तरी कळतो, हे आठवीच्या वहीत मी पहिल्यांदाच वाचलं. आणि तरी लाल पेनाने ‘साम्य?’ लिहून मी दहापैकी चार दिले. शेजारच्या तुकडीच्या बाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, ‘बरोबर केलंत. एकाला सूट दिली की बाकीचे भांडायला येतात.’ त्यांनी रकाना बघितला, मजकूर वाचलाच नाही. मी तर वाचून चार दिले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आला. ‘बाई, साम्य राहिलं. आणू का लिहून?’

तेव्हाच ‘नको’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘आण.’

तक्ता आणला. पट्टीने आखलेला, मथळे स्केचपेनने. ‘दोन्हींत फेणे आहे. दोन्हींत पुणे आहे. दोन्हींत तो ट्टॉक करतो.’ पाचाला पाच. भेदही आता पाच, पहिला तोच, वाचतात-पाहतात. तक्ता पूर्ण होता, मी आठ गुण केले. तो खूश होऊन गेला.

नोंद करताना लक्षात आलं, पान जाड लागतंय. नवा तक्ता त्याने त्या अर्ध्या पानावरच डकवला होता. गोंद अजून ओला होता. एका कोपऱ्यातून सोडवायला घेतला, ‘दादाएवढा’पर्यंत दिसलं, मग खालचा कागद तक्त्याबरोबर उचलून यायला लागला. मी हात काढून घेतला.