साक्षीदाराची खुर्ची

ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. माझी चूक तेवढी होती तशी ठेवली आहे.

गेली काही वर्षं मी आमच्या ऑफिसातल्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीची सदस्य आहे आणि दर गुरुवारी पाऊण तास एका नव्या मुलीची मेंटॉर. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या गुरुवारी ती वही न घेता आली. फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच वाचा, मॅडम." तिच्या सरांचा मेसेज (विभागात तिला काम शिकवणारे तेच आणि अप्रेझल लिहिणारेही तेच), रात्री पावणेबाराचा: 'पुढच्या आठवड्यात अप्रेझल आहे. परवा विचारलं त्याचा नीट विचार कर.' मी मागे मागे वाचत गेले. सुरुवात 'पोचलीस का घरी'पासून, मग फोटोंवर शेरे, मग 'एकटीच ये'. तिची उत्तरं मात्र आखडत गेलेली. आधी पूर्ण वाक्यं, मग 'हो सर', मग नुसता अंगठा. मग काहीच नाही.

उत्तरं थांबल्याची तारीख बघून पोटात गोळा आला. दीड महिन्यापूर्वी याच खोलीत ती म्हणाली होती, "सर रात्री फार मेसेज करतात." आणि मी, समितीची सदस्य, म्हणाले होते, "त्यांचा स्वभावच आहे तसा. दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल." तिने सल्ला तंतोतंत पाळला होता.

"तक्रार करायची ठरवलंय. समितीत तुम्ही आहात, म्हणून धीर आला."

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, त्यामुळे मुदतीची काळजी नव्हती. काळजी अप्रेझलची होती. फार जणींना माहीत नसतं, पण चौकशी चालू असताना 'माझ्या कामाचा अहवाल या माणसाने लिहू नये' अशी लेखी मागणी करता येते आणि समिती तशी शिफारस करू शकते. बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते. रजेचं नाव काढताच ती उसळली, "मी का घरी बसू?"

मग जड वाटणारं सांगून टाकलं. "तुझ्या चौकशीत मी बसणार नाही."

तिने फोन उचलून पर्समध्ये टाकला. "म्हणजे तुम्हीपण…"

"अगं, मी साक्षीदार आहे. तू मला आधी सांगितलं होतंस."

ती जरा थांबली. "आणि तुम्ही काय म्हणाला होतात, तेही सांगणार?"

"हो."

तक्रार तिनेच लिहिली. विशेषणं नकोत, तारखा आणि त्यांचेच शब्द लिही, एवढंच मी म्हटलं.

अशा गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात, तरी कुजबुज होतेच. एक सहकारी कॉफीच्या मशीनपाशी म्हणाला, "आपण तर मुलींना मेंटॉर करणं बंद. नसती ब्याद." माझं डोकंच फिरलं. म्हणजे शिकायचं मुलांनी, आणि एकाच्या वागण्याची किंमत मोजायची सगळ्या मुलींनी? त्याला म्हटलं, "मुलाला जे विचारणार नाहीस ते मुलीलाही विचारू नकोस, झालं." तो हसला. पटलं का, माहीत नाही. खरी गाठ वेगळीच होती: ज्याच्या हातात तिचं अप्रेझल, तोच तिचा 'गुरू'. तिने 'नाही' म्हणायचं कसं? आता आमच्याकडे मेंटॉर दुसऱ्या विभागातला असतो. हे आधीच सुचायला हवं होतं.

माझा जबाब झाला तेव्हा समितीवरच्या, ऑफिसबाहेरच्या सदस्य बाईंनी विचारलं, "मग तुम्ही काय सल्ला दिलात?"

"दुर्लक्ष कर, असा."

लिहून घेणारीचा हात क्षणभर थांबला. मग तिने ते वाक्य लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली.

निकाल इथे लिहिणार नाही. महिनाभराने तिने मेंटॉर बदलून मागितली. तो अर्ज माझ्याकडेच आला. मी लगेच पुढे पाठवला.