३ एचपी मोनोब्लॉक, घरची सिंगल फेज: ट्रान्सफॉर्मर की कन्व्हर्टर?

२०१९ च्या महापुरात आठवडाभर पाण्याखाली गेलेली ती मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर) मोटार आठवत असेल. मागच्या नोंदीत बेअरिंग बदलून झाली होती आणि वायंडिंग वाळवायला दोनशे वॅटचा बल्ब लावून ठेवला होता. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आधी पॉइंट दोन मेगओहम दाखवत होता, नवव्या दिवशी वीसच्या पुढे गेला. रिवायंडिंग वाचलं. पलूसकडच्या आम्हा लोकांना याचा आनंद वेगळा सांगायला नको. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, त्यामुळे पंप हा इथे घरातल्या माणसासारखाच असतो.

आता प्रश्न चालवायचा. प्लेटवर ३ एचपी, २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५ अँपिअर, स्टार (तिन्ही वायंडिंगचे शेवट एकत्र बांधलेले). माझ्या शेडमध्ये घरची सिंगल फेज, मीटरवर २२८ ते २३५ व्होल्ट. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर घे की, झालं काम." खरं सांगतो, मीही तेच धरून चाललो होतो आणि सांगलीत दोन दुकानांत भावसुद्धा विचारून आलो होतो.

तिथेच घोळ होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, कमी करतो, पण एका फेजचे तीन करत नाही. लोखंडावर कितीही वेढे घाला, आत येणारी लाट एकच, म्हणून बाहेर पडणारीही त्याच तालात. मोटारीला मात्र १२० अंशांनी मागेपुढे असलेल्या तीन लाटा लागतात, तेव्हाच आतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं. नुसत्या ४१५ च्या दोन वायरी दिल्या असत्या तर ती जागेवर गुरगुरली असती आणि वाचवलेलं वायंडिंग पाच मिनिटांत काळं झालं असतं.

म्हणजे आजार आधी ओळखायला हवा: व्होल्टेज कमी आहे की फेज नाही?

शेतावरचा आजार बहुतेक वेळा पहिला असतो. आमच्या मळ्यातला पंप डीपीपासून (लाइनच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या शेवटाला. संध्याकाळी तिन्ही फेज असतात, पण टेस्टर ३४० दाखवतो. टॉर्क (फिरवण्याची ताकद) व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ४१५ च्या जागी ३४० आले की ताकद ६७ टक्क्यांवर येते. अशा ठिकाणी व्होल्टेज उचलणारा थ्री फेज ऑटोट्रान्सफॉर्मर उपयोगी आहे. पण आपण व्होल्टेज उचललं की तेवढ्याच कामासाठी लाइनमधून करंट जास्त ओढला जातो आणि शेजाऱ्याचं आणखी खाली बसतं. सगळ्यांनीच ट्रान्सफॉर्मर बसवले तर कुणाचंच भागणार नाही. मला त्यापेक्षा जाड केबल आणि घट्ट जॉइंट आधी करावेसे वाटतात.

शेडमधला आजार मात्र दुसरा, फेजचा. मग टर्मिनल बॉक्स उघडला. तीनच टोकं बाहेर. स्टारचा जोड आत, वायंडिंगच्या डोक्यावर बांधलेला. गावातल्या वायंडर मामांकडे मोटार नेली. त्यांनी दोरी कापून तो जोड मोकळा केला, तीन नव्या वायरी सोल्डर करून बाहेर काढल्या, वर स्लीव्ह आणि वॉर्निश. इथे एक गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे. स्टारच्या जोडातून सुटलेली तिन्ही टोकं ही शेवटाचीच असतात, त्यामुळे कुठलं टोक कुणाचं ते कंटिन्युइटीने (वायर आतून जुळलेली आहे का ते मीटरने बघून) जुळवलं की पुरे, सुरुवात-शेवट शोधत बसावं लागत नाही. मग पट्ट्या डेल्टाला बसवल्या: पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, तिसऱ्याचा पहिल्याच्या.

४१५ भागिले १.७३ म्हणजे २४०. स्टारला ४१५ मागणारी तीच मोटार डेल्टाला २४० वर सुखाने चालते. लाइनचा करंट ५ च्या जागी ८.६. ट्रान्सफॉर्मरची गरजच संपली! उरला फक्त एका फेजचे तीन करण्याचा प्रश्न. त्या संध्याकाळी मी मामांसाठी पेढे घेऊन गेलो.

पहिली चाचणी कंडेन्सरवर, तो तिसऱ्या वायरीला मागेपुढे सरकलेली लाट देतो. डेल्टाला २३० व्होल्टवर किलोवॅटमागे साधारण ७० मायक्रोफॅरड हा जुना अंदाज. माझ्याकडे ३६ चे चार रनिंग कंडेन्सर होते, एकूण १४४. सुरू होण्यापुरते वेगळे स्टार्टिंग कंडेन्सर, वेग आला की बाहेर. २०० लिटरच्या दोन बॅरलमध्ये पाणी फिरवलं. व्हॉल्व्ह अर्धा उघडा असताना तीन वायरींत ७.४, ९.१ आणि १०.२ अँपिअर. व्हॉल्व्ह बंद केला, लोड उतरला, तर कंडेन्सरच्या वायरीत करंट उलटा वाढून ११.३! कंडेन्सर एकाच लोडला जुळतो, लोड हलला की तोल जातो. शिवाय मोटारीकडून दोन तृतीयांशच काम घ्यायचं. २ एचपीइतक्याच पाण्याची गरज असेल त्याला हा स्वस्त मार्ग चालेल. मला अर्ध्या तासात बॉडीला हात ठेववेना, म्हणून बंद केलं. (कंडेन्सरला हात लावण्याआधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा. लाइट गेली म्हणजे तो रिकामा झाला असं नसतं.)

दुसरी चाचणी सिंगल फेज इनपुटच्या २.२ किलोवॅट व्हीएफडीवर, म्हणजे एका फेजचे तीन करून हर्ट्झ कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरवर. मोटारीचं व्होल्टेज २४०, करंट ८.६, ५० हर्ट्झ असं भरलं, वेग चढायला आठ सेकंद दिले. तिन्ही वायरींत करंट जवळपास सारखा. सुरू होताना झटका नाही, दिवे मंदावले नाहीत. ५० हर्ट्झवर बॅरल २० सेकंदांत भरलं, ४२ वर २४ सेकंदांत. वेग ८४ टक्के, पाणी ८४ टक्के, पण वीज वेगाच्या घनाने उतरून ५९ टक्क्यांच्या आसपास. विहिरीवर पाणी उंच चढवायचं असतं, तिथे हा हिशेब असा सरळ बसणार नाही, हे ध्यानात ठेवा. व्हीएफडी आणि मोटारीच्या मध्ये स्टार्टर ठेवू नका, कंडेन्सर तर अजिबात नको, व्हीएफडीच जाईल. अर्थिंग वेगळं आणि पक्कं घेतलं, सप्लायचा जोड वायरमनकडून करून घेतला.

३ एचपी आता व्हीएफडीवरच राहील.

पुढची मोटार ५ एचपी, मेव्हण्यांच्या मळ्यातून आणलेली. तिची प्लेट वाचली: ४१५ व्होल्ट, आणि जोड आधीच डेल्टा. म्हणजे २४० ची पळवाट तिला नाही. तिच्यासाठी २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर खरंच लागणार, आणि त्याच्या मागे तिसरी फेज तयार करायला रोटरी कन्व्हर्टर, म्हणजे नुसती मोकळी फिरत ठेवलेली थ्री फेज मोटार. त्यासाठी ७.५ एचपीची एक जुनी मोटार जुन्या बाजारात बघून ठेवली आहे. शाफ्ट मोकळा फिरतो, मेगर रविवारी लावतो. त्याआधी घरच्या मीटरचा मंजूर लोड तपासायचा आहे, कारण एवढं यंत्र सध्याच्या वायरिंगवर मी चालवणार नाही.