सांगलीकरांनो, लॅपटॉप उघडून बघा

लॅपटॉप तापतोय, पंखा घोंगावतोय, मधेच आपोआप बंद पडतोय, म्हणून नवीन घ्यायचं मनात असेल तर आधी आहे तो उघडून बघा. असे कितीतरी लॅपटॉप बिघडलेले नसतात, धुळीने गुदमरलेले असतात. हे मी नेदरलँड्समध्ये राहून शिकलो आणि गावाकडच्या माझ्या माणसांना ते सांगावं असं फार दिवस मनात होतं.

इथे आइंडहोवनमध्ये आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये शनिवारी रिपेअर कॅफे भरतं. कल्पना मूळची अ‍ॅमस्टरडॅमची. मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी 2009 मध्ये तिथे पहिलं रिपेअर कॅफे भरवलं आणि आता ते अनेक देशांत चालतं. लोक टोस्टर, शिलाई मशीन, दिवे, लॅपटॉप घेऊन येतात. दुरुस्ती करणारे स्वयंसेवक असतात, त्यात निवृत्त तंत्रज्ञ बरेच. मला सगळ्यात आवडली ती तिथली रीत: वस्तू ठेवून निघून जायचं नाही. शेजारी बसायचं, स्क्रूड्रायव्हर आपणच हातात घ्यायचा. इथे मजुरी इतकी महाग आहे की माणूस आधी स्वतः प्रयत्न करून बघतो. सांगलीत कारागीर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपण झाकणाला हातही लावत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे विश्रामबागला होतो. दाजींचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. दुकानातल्या लॅपटॉपवर टॅली चालू असताना तो दुपारी हटकून बंद पडायचा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर मशीन बंद होतं. लक्षणं तीच होती. दाजी म्हणाले, "उघडशील रे, पण शेवटी चार स्क्रू हातात उरले तर?"

त्यावरचा उपाय मला रिपेअर कॅफेतल्या एका आजोबांनी दाखवला होता. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो आत मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, किंवा वर कीबोर्डला इजा करू शकतो. भाच्याने पुठ्ठा सांभाळला. बहुतेक लॅपटॉपना बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो, काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. सगळे निघाल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा फटीत घालून कडेकडेने खटके सोडवत जायचं.

उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, नुसता स्लीपवर ठेवू नका, आणि चार्जर काढा. उघडल्यावर पहिलं काम एकच: बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवणं. वायर ओढायची नाही, कनेक्टर धरायचा. इथे थंडीत हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. आपल्याकडे हवेत ओलावा जास्त, तरी नायलॉनचे कपडे टाळा आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला, लोखंडी नळाला वगैरे, स्पर्श करा.

पंखा काढला तेव्हा दाजी पुढे वाकून बघायला लागले. पात्यांवर धूळ होतीच, पण खरं दुखणं पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पत्र्यांच्या मध्ये होतं. तिथे गोधडीच्या तुकड्यासारखा पिवळसर करडा थर बसला होता. हळदीची भुकटी, पोत्यांचे तंतू, सगळं एकत्र. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आत दाबला जातो. तो चिमट्याने अखंड काढायचा, मग मऊ ब्रश. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरा. भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होतं.

हीटसिंकखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून कडक झाली होती. हीटसिंकच्या स्क्रूंच्या शेजारी बहुतेकदा 1, 2, 3, 4 असे आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट क्रम, आवळताना सुलट, आणि तेही थोडं थोडं करून. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त लावून जास्त गार होत नाही.

आता तो लॅपटॉप दिवसभर चालतो. जुन्या मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घाला. वेगात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, वाढवताना मात्र प्रकार तपासा. डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही.

मिरजेत जुन्या तानपुऱ्याची घोडी घासून, जवारी लावून तो पुन्हा सुरात आणतात. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. असे हात ज्या जिल्ह्यात आहेत तिथे लॅपटॉपच्या दहाबारा स्क्रूंना कुणी घाबरू नये.

घरी करू नयेत अशी दोन कामं आहेत. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. तोवर, आणि आपल्याकडे तर नक्कीच, फुगलेली बॅटरी जाणकाराकडेच द्या. दुसरं म्हणजे पुराचं पाणी. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी घरात शिरलेल्यांना हे नीट लक्षात ठेवायला हवं. वरून वाळलेला लॅपटॉप "चालतोय का बघू" म्हणून सुरू करू नका. आत गाळ आणि क्षार राहतात, वीज मिळताच तिथे शॉर्ट होतं. दुरुस्तीला नेताना पाणी शिरलं होतं हे आवर्जून सांगा, म्हणजे मदरबोर्ड आधी धुऊन घेतील, आणि भिजलेली बॅटरी पुन्हा बसवू देऊ नका.