होडीतला मुलगा खरा होता का?

माझ्या पुस्तकाचा कार्यक्रम संपला की सातवी-आठवीतलं एखादं मूल हात वर करतंच. "बाई, तो होडीतला मुलगा खरंच होता?" पालक तेच जरा मोठ्या शब्दांत विचारतात, यात इतिहास किती आणि कल्पना किती? तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल १५६०. कुशस्थळी म्हणजे गोव्यातली आजची कुठ्ठाळी. तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि देवळांवर संकट होतं, म्हणून तिथून मंगेशाचं लिंग जुवारी नदीपलीकडे नेऊन प्रियोळला ठेवलं. पलीकडचा फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणजे नदी ओलांडली की राज्य बदलायचं. एवढं इतिहासात आहे. तारीवर होडी चालवणाऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा त्या रात्री बापाबरोबर वल्ह्यावर होता, हे मी लिहिलं. त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही.

मी फोंडा तालुक्यात शाळेत मराठी शिकवत होते. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही देवळं आमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवरची. म्हाळसा वेर्ण्याहून आली आणि शांतादुर्गा केळशीहून, हे त्यांना घरी ऐकून माहीत असायचं. पण आली म्हणजे कशी आली? कोणी उचलली, किती वाजता, होडी कोणाची? हे वर्गात एका मुलीने विचारलं आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. माझं लिहिणं तिथून सुरू झालं. तोवर मी दिवाळी अंकांना दोन-चार कथा पाठवल्या होत्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पणजीच्या पुराभिलेखागारात जायचं तर पोर्तुगीज यायला हवं. शनिवारी शाळा सुटली की बस धरून शिकायला जायचे. कागद वाचता यायला लागले तेव्हा कळलं की त्यांत गावकार आहेत, जमिनी आहेत, दंड आहेत, पाद्री आहेत, पण मुलं जवळजवळ नाहीत. मला भेटली ती अनाथ म्हणून. १५५९ चं एक राजाचं फर्मान आहे. आई, बाप, आजोबा, आजी कोणीच मागे नसलेली हिंदूंची मुलं जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात सोपवायची आणि त्यांना ख्रिस्ती करायचं. याच कॉलेजात त्याआधी तीनच वर्षं, १५५६ साली, भारतातला पहिला छापखाना सुरू झाला होता. आज तिथे एक कमान तेवढी उभी आहे. त्या कमानीखाली मी बराच वेळ बसले होते. ज्या अंगणात छपाईचे खिळे जुळवले जात होते, तिथेच कोणीतरी पोर आपलं जुनं नाव विसरायला शिकत होतं. हे दोन्ही एकाच पानावर आलं पाहिजे असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

म्हणून मुलगा माझा, पण त्याच्या भोवतालचं काहीही मी मनाने ठेवलेलं नाही. त्याच्या घरात मिरची नाही, मिरं आहे. अंगणात काजू, पपई, पेरू नाही. ही सगळी झाडं अमेरिकेतली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली आणि मग गावोगाव पसरली. मुलांना हे सांगितलं की ती हबकतात. काजू नाही असा गोवा त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही.

सगळ्यांत जास्त दिवस त्या रात्रीने घेतले. मी पहिल्या खर्ड्यात अमावास्या घातली होती, काळोख हवा म्हणून. जुवारीकाठच्या एका म्हाताऱ्या मासेमाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ फार, भरलेली होडी आडवी कशी नेणार? मग त्यानेच वाट सांगितली. अमावास्येला भरती मध्यरात्रीच्या सुमाराला पुरी होते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागण्याआधी पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात पार व्हायचं. माझ्या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे त्या थांबलेल्या पाण्यातली होडी. ते मला नदीने दिलं, कागदाने नाही.

एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं. कुमारांना एवढं दुःख झेपणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या एकांनी सुचवलं की शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, त्यावर लिहा, हातोहात खपेल. तो विषय मोठाच आहे, पण तो लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि तेरा वर्षांच्या मुलाला दुःख झेपतं. आजी गेलेली त्याने पाहिलेली असते. खोटं मात्र त्याला दुसऱ्या पानावर कळतं आणि ते पुस्तक मिटतं. पुढे एका छोट्या प्रकाशनाने पाचशे प्रती काढल्या. पोटापाण्याला शाळेचा पगार होता, निवृत्तीनंतर पेन्शन आहे. पुस्तकांवर घर चालत नाही, हेही पुष्कळजण विचारतात म्हणून सांगून टाकते.

आता खरी गोष्ट. मडगावजवळच्या एका हायस्कुलात मला बोलावलं होतं. मराठी वाचणारी मुलं थोडी, म्हणून मी कोंकणीत सांगत होते. होडी पार झाली, लोक प्रियोळला पोचले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. गळ्यात क्रूस होता. म्हणाला, "टीचर, मागीर आमी कोण?" मग आम्ही कोण?

मला बोलता आलं नाही. जे गेले त्यांची गोष्ट मी जिवापाड जपून लिहिली होती. जे राहिले ते माझ्या पुस्तकात शेवटच्या पानावर काठावर उभे होते, पाठमोरे, चेहरा नसलेले. ते भित्रे होते का? लोभी होते का? मी तसं लिहिलं नव्हतं, पण तसं वाचलं जात होतं, आणि समोर त्यांचा वंशज उभा होता.

परत कागदांकडे गेले, आणि या वेळी शेतांकडेही. साष्टी-तिसवाडीतली खाजनं म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. गावकारी, म्हणजे गावकारांची सामायिक संस्था, ती मिळून राखायची. बांधाला भगदाड पडलं आणि वेळेत बुजवलं नाही, तर खारं पाणी शिरतं आणि भात जातं. अशी जमीन टाकून जाणं म्हणजे पिढ्यांची मेहनत समुद्राला देणं. देव होडीत बसतो, बांध बसत नाही. राहिलेल्यांतल्या कितीजणांनी बांधासाठी नाव बदललं असेल, देव मनात ठेवून? कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी दरवर्षी ती छत्र्यांच्या मिरवणुकीत आपल्या गावी येते आणि तिथले ख्रिस्ती गावकरही त्यात असतात. मी ते पाहिलं आहे. ते पाहताना मला त्या मुलाचा आवाज ऐकू येत होता.

दुसरं पुस्तक थोरल्या भावाचं आहे. धाकटा होडीत गेला, हा बांधावर राहिला. तोही खरा नाही, आणि तितकाच खरा आहे.

त्याचं पहिलं प्रकरण घेऊन मी त्याच शाळेत गेले. भरती चढतेय, थोरला काळोखात धावत मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जातो आणि दोन्ही हातांनी लाकडी दार ओढून बंद करतो, असं लिहिलं होतं. तो मुलगा आता नववीत होता. शेवटपर्यंत गप्प ऐकलं आणि मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "टीचर, मानशीचें दार कोणूच धांपना. उदकूच धांपता." म्हणजे दार कोणी बंद करत नाही, पाणीच करतं. त्याचा आजोबा मानशीवर जाळं लावतो. मला तो पुढच्या रविवारी तिथे घेऊन गेला. भरतीचं पाणी चढत गेलं तसं दार हलकेच आत सरकलं आणि चौकटीला टेकलं. मी वहीतली ती ओळ तिथेच खोडली आणि थोरल्याला बांधावर नुसतं उभं ठेवलं, पाण्याकडे बघत.