पत्त्यांचा मक्ता

गणपतीत जागरणाच्या रात्री बदाम सात खेळायचं ठरलं आणि कॅट काढला तर किलवरची सत्ती गायब. बदाम सातमध्ये सत्तीच नाही म्हणजे संपलंच की! मग भाचा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा कॅट घेऊन आला, आणि मी सवयीप्रमाणे नको तिथे इतिहास काढला, की बाबांनो, ४०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये असा कुठूनही कॅट विकता आला नसता, दुकानदारावर केस झाली असती. कोणी ऐकून घेतलं नाही, पानं वाटून झाली पण, म्हणून इथे लिहितोय.

तर १५९८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने एडवर्ड डार्सी नावाच्या आपल्या खासगीतल्या माणसाला २१ वर्षांसाठी पत्त्यांचा मक्ता दिला. म्हणजे अख्ख्या इंग्लंडमध्ये पत्ते बनवणार तो, बाहेरून आणणार तो, विकणार तो, बाकी कुणी नाही, आणि बदल्यात राणीला वर्षाला १०० मार्क (तेव्हाचं इंग्लंडातलं पैशाचं माप). आता ह्या माणसाने पत्ते काही शोधून काढले नव्हते हो, पत्ते तर आधीपासून होतेच. आणि कारण काय दिलं होतं, तर नोकरचाकर आणि धंदा शिकायला ठेवलेली उमेदवार पोरं कामं सोडून पत्ते कुटत बसतात, म्हणून त्यावर ताबा पाहिजे. काळजी पोरांची, गल्ला डार्सीचा.

ह्या कागदाला म्हणायचे लेटर्स पेटंट. पेटंट म्हणजे उघडं. राजाची मोहर खाली लोंबत असायची, ती न फोडता कुणालाही पत्र वाचता यायचं, आपल्याकडच्या सनदेसारखंच. आणि गंमत म्हणजे ह्याची सुरुवात चांगली होती. १४४९ मध्ये सहाव्या हेन्रीने जॉन ऑफ युटिनम नावाच्या फ्लेमिश कारागिराला रंगीत काचेसाठी २० वर्षांचा हक्क दिला, ईटन कॉलेजच्या खिडक्यांना काच पाहिजे होती आणि इंग्लंडमध्ये ती कला कुणाला येत नव्हती. अट एवढीच की इथल्या लोकांना शिकव. व्हेनिसने तर १४७४ मध्ये सरळ कायदाच केला, नवीन यंत्र आणा, नोंदवा, १० वर्षं तुमचं, नक्कल करणाऱ्याला १०० डुकाट (सोन्याची नाणी) दंड. म्हणजे तू आम्हाला काहीतरी नवीन दे, आम्ही तुला काही वर्षं देतो, असा रोख व्यवहार.

एलिझाबेथच्या काळात हा व्यवहार पार बिघडला. तिजोरीत खडखडाट, दरबाऱ्यांना पगार-बक्षीस द्यायला पैसे नाहीत, मग दे मक्ता. मीठ, व्हिनेगर, स्टार्च, काही म्हणजे काही सोडलं नाही. १६०१ च्या पार्लमेंटमध्ये मक्त्यांची यादी वाचायला घेतली तेव्हा एका सभासदाने उठून विचारलं, ह्यात पाव नाही का? (मला हा माणूस फार आवडतो.) राणीला वारं कळलं, तिने बरेच मक्ते मागे घेतले आणि गोड भाषण करून सगळ्यांना गार केलं.

पण पत्त्यांचं प्रकरण कोर्टात गेलंच. थॉमस ॲलिन नावाच्या लंडनच्या दुकानदाराने बिनधास्त पत्ते विकले, डार्सीने खटला भरला, आणि डार्सी हरला! मक्त्याने भाव वाढतात, माल बिघडतो आणि त्या धंद्यातले कारागीर भिकेला लागतात, असं त्या खटल्याच्या अहवालात लिहिलंय. अहवाल लिहिला एडवर्ड कोकने, आणि हाच कोक कोर्टात ॲटर्नी जनरल म्हणून डार्सीच्या बाजूने भांडला होता. पुढे १६२४ चा मक्तेदारीविरोधी कायदा आणण्यात पण हाच पुढे. वकील तो वकील.

त्या कायद्याने मक्ते रद्द केले पण एक फट ठेवली, खरंच नवीन वस्तू पहिल्यांदा बनवणाऱ्याला १४ वर्षं. १४ च का? कारण धंदा शिकायला येणारा उमेदवार ७ वर्षं राबायचा, आणि अशा दोन तुकड्या त्या माणसाकडे तयार होऊन बाहेर पडाव्यात, असा साधा हिशोब.

आणि तो १४ चा आकडा बोटीत बसून आपल्याकडे पण आला. १८५६ मध्ये हिंदुस्थानात पहिला पेटंट कायदा झाला, मुदत १४ वर्षं, आणि पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डिपेनिंगचा, कशासाठी तर पंखा ओढायच्या यंत्रासाठी! पण पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला, कारण करताना व्हिक्टोरिया राणीची मंजुरी घ्यायची राहून गेली होती. १८५९ मध्ये नवीन कायदा आणला. वर्षं तीच, १४.