सावली नेमकी कुठे संपते?

23 सप्टेंबरला, विषुवदिनी, सोलापूरच्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांनी पृथ्वीचा परीघ मोजायचं ठरवलं होतं. जोडीला जालन्याच्या एका शाळेतली मुलं होती. माझी बीएडची मैत्रीण तिथे विज्ञान शिकवते. जालना आमच्या जवळजवळ नीट उत्तरेला आहे, त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह एकाच वेळी होते. वर्गातल्या नकाशावर पट्टी ठेवून मुलांनी सरळ अंतर काढलं, सुमारे 240 किलोमीटर.

रीत जुनी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिसची. त्याला इजिप्तमधल्या दोन गावांत सूर्यकिरणांच्या कोनात 7.2 अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक मिळाला. गावांमधल्या अंतराला त्याने पन्नासने गुणलं आणि परीघ काढला.

आम्ही कोब्यावर एक मीटर उंचीची, सपाट माथ्याची लाकडी फळी उभी केली. एका पालकांनी गवंड्याचा ओळंबा आणून दिला होता. बाराला सावली सर्वांत आखूड होईल म्हणून मुलं टपून बसली. बारा वाजून गेले तरी ती आखडतच होती. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आणि सोलापूर त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला, म्हणून 26 मिनिटं उशीर. पण सप्टेंबरअखेर सूर्य घड्याळाच्या सात मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा. आमची मध्यान्ह 12 वाजून 19 मिनिटांनी झाली.

आणि नेमक्या त्या क्षणी दोन मुलींचं जुंपलं. सावलीचं टोक धारदार नसतंच. गडद भाग संपतो, मग सेंटीमीटरभर फिकट होत होत ऊन लागतं. एक म्हणे गडद संपेल तिथे खूण करायची, दुसरी म्हणे फिकट संपेल तिथे. वेळ निघून चालली होती, म्हणून मी दोन्ही खुणा करायला लावल्या. गडद कडेपर्यंत 31.3 सेंटीमीटर, फिकट कडेपर्यंत 32.3. वर्गाने मतदान करून गडद कड घेतली.

जालन्याहून फोन आला, 36.6. त्रिकोणमितीचा धडा अजून व्हायचा होता, म्हणून कोन मी मोबाइलवर काढून दिले. आमचा 17.38 अंश, त्यांचा 20.10. फरक 2.72. मुलांनी 360 ला त्याने भागलं, 240 ने गुणलं. उत्तर 31 हजार 765 किलोमीटर. भूगोलाच्या पुस्तकात 40 हजार!

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागून आवाज आला, "बाई, आपलं रीडिंग जरा वाढवून लिहू का? बरोबर येईल."

या मुलाला मी रागावले नाही. प्रयोगवह्या आपण अशाच भरून घेतो. निरीक्षणाचा तक्ता गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवला जातो, लंबकाचा आवर्तकाल प्रत्येकाचा तंतोतंत जुळतो आणि तपासणारे आम्ही मुकाट्याने सही करतो. उत्तर आधी ठाऊक असेल तर मोजायचं कशाला, हे तो त्याच शाळेत शिकलाय. मी एवढंच म्हटलं, "रीडिंगला हात लावायचा नाही. ते असं का आलं ते शोधा."

फळी तिरकी होती का? ओळंबा पुन्हा लावला, नव्हती. नकाशावरचं अंतर चुकलं का? पुन्हा मोजलं, तेवढंच. मग फिकट कडेसाठी भांडलेली मुलगी उठली. "बाई, ग्रहणाच्या धड्यातली प्रच्छाया आणि उपच्छाया हीच ना? सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. तिची वरची कड धरली तर सावली आखूड, खालची धरली तर लांब. जालन्याने कुठली धरली?"

हे मला सुचलं नव्हतं. मैत्रिणीला आधी सूचना देताना सावलीची लांबी मोजा, एवढंच ठरलं होतं. फोन स्पीकरवर टाकून त्या मुलीनेच विचारलं. पलीकडे थोडी कुजबुज, मग एका मुलाचं उत्तर आलं, "आम्ही अगदी शेवटपर्यंत मोजलं, फिकटसुद्धा."

कोब्यावर आमची दुसरी खूण होतीच. 32.3, म्हणजे 17.90 अंश. फरक 2.20. उत्तर 39 हजार 270 किलोमीटर. दोन्ही शाळांत जो काही जल्लोष झाला, तो मी त्यांना करू दिला.

पहिलं उत्तर मात्र खोडू दिलं नाही. दोन्ही उत्तरं, दोन्ही खुणा आणि फोनवरचा प्रश्न मुलांनी वहीत लिहिलाय. उरलेल्या 700 किलोमीटरचा हिशेबही त्यांनीच मांडला. सावलीच्या एका मिलिमीटरने उत्तर सुमारे 900 किलोमीटर हलतं, आणि आमच्या पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बारीक खूण नाही. मार्चच्या विषुवदिनी फळीच्या माथ्यावर बारीक छिद्राचा पत्रा बसवावा, म्हणजे कड शोधत बसण्याऐवजी खाली पडणाऱ्या सूर्याच्या ठिपक्याचा मध्य धरता येईल, असं जालन्याच्या मुलांनी कळवलंय. छिद्र केवढं पाडायचं, यावर आमच्या वर्गात सध्या दोन तट पडलेत.