डिसेंबरातला उजेड आणि व्यायामाची वेळ

लंडन, २१ डिसेंबर

आज सूर्योदय ८.०४ ला, सूर्यास्त ३.५३ ला. म्हणजे दिवस आठ तासांना दहा मिनिटं कमी. मुंबईत आज, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशीसुद्धा, सुमारे अकरा तास उजेड असतो. तिकडे वाढलेल्या माणसाचा व्यायाम इथे नोव्हेंबरात सुटला की तो स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. मला हे अजिबात पटत नाही. शरीराचं घड्याळ रोज लावलं जातं ते मुख्यतः सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने. साडेसहाचा गजर वाजतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो, शरीराच्या हिशेबी ती रात्रच असते. अशा वेळी मनाला दटावून फार दिवस निभत नाही. आधी उजेड, मग व्यायाम, हा क्रम लावला की निम्मं काम होतं.

उजेडाचे आकडे बघण्यासारखे आहेत. घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते २०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) मिळतात, चांगल्या ऑफिसात ३०० ते ५००. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी भर दुपारी काही हजार लक्स सहज असतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धावण्याचा हट्ट सोडावा आणि जेवणाच्या सुट्टीत, बारा ते एकच्या दरम्यान, ३० मिनिटं भरभर चालून यावं. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरे. आठवड्यातून पाच दिवस हे जमलं की १५० मिनिटांचा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा तिथेच गाठला जातो. डबा टेबलावर बसून खायचा आणि सुट्टी फोनवर घालवायची, ही सवय या दोन महिन्यांत फार महाग पडते.

ज्यांना दुपारी बाहेर पडताच येत नाही त्यांच्यासाठी १०,००० लक्सचा दिवा. उठल्यावर तासाभराच्या आत, २० ते ३० मिनिटं. इथे बहुतेकांची गडबड होते ती अंतरात. दिव्याच्या खोक्यावरचा आकडा ठरावीक अंतराचा असतो, बरेचदा ३० ते ५० सेंटिमीटरचा. दिवा त्याच्या दुप्पट लांब ठेवला तर उजेड साधारण चौथाईवर येतो, आणि मग ‘दिवा घेतला पण काही फरक नाही’ अशी तक्रार सुरू होते. दिवा चहाच्या कपाशेजारी, थोडा बाजूला ठेवावा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे हवेत. संध्याकाळी लावला तर झोप उलट पुढे ढकलली जाते. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर या मानसिक आजाराचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये.

सकाळी घरातच व्यायाम करायचा असेल, तर खरा अडसर असतो रजई आणि बाहेरची खोली यांतल्या तापमानातला फरक. हीटिंगचा टायमर गजराच्या अर्धा तास आधी लावावा, कपडे आणि मोजे रात्रीच रेडिएटरजवळ काढून ठेवावेत. सूर्यनमस्कार या हवेत उत्तम, फक्त पहिले तीन अगदी सावकाश, हस्तपादासनात गुडघे वाकवून. गारठलेल्या मांडीच्या मागच्या स्नायूंवर एकदम ताण दिला की ते धरतात आणि पुढचे आठ-दहा दिवस वाया जातात. बारा नमस्कार, वीस उठाबशा, ओट्याला हात टेकून दहा जोर: पंधरा मिनिटांत आटपतं.

बाहेर धावणाऱ्यांनी सुती गंजी कपाटातच ठेवावी. ती घाम धरून ठेवते आणि वेग मंदावला की अंग काकडतं. आत घाम बाहेर टाकणारा पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, हातमोजे, कान झाकणारी पट्टी. दारातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. तिथेच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. चमकणारे पट्टे घोट्यांना बांधावेत, कारण गाडीवाल्याला हलते पाय लवकर दिसतात. पारा शून्याच्या आसपास असेल तर फुटपाथवरचा पारदर्शक बर्फ दिसत नाही. त्या दिवशी खुशाल घरातला जिना चढावा-उतरावा.

चारला अंधार पडला की पाचला आणखी एक चहा होतोच. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तो चहा रात्रीची झोप खातो, आणि सकाळचा गजर त्याचे पैसे वसूल करतो. दुपारी दोननंतर चहा नको, हे मला दिव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ड जीवनसत्त्वाचं थोडक्यात: ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हातून ते पुरेसं तयार होत नाही. रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, असा इथला सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही सांगितलं जातं. त्याने लगेच उत्साह येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, झोप वाढली असेल, सारखं गोडधोड खावंसं वाटत असेल, तर जीपीकडे, म्हणजे इथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शाकाहारी असाल तर बी१२ तपासण्याबद्दल विचारावं.

पुढच्या आठवड्यांचं वेळापत्रक लावताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपासच होऊन गेला, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय नव्या वर्षाच्या तोंडावर येतो. उजेड आधी संध्याकाळच्या बाजूला वाढतो. संक्रांतीला सूर्यास्त सव्वाचारला, जानेवारीअखेर पावणेपाचला. पहाटेचं धावणं फेब्रुवारीच्या शेवटी, सूर्योदय सातच्या आत आला की पुन्हा सुरू करावं, आणि पहिला आठवडा नेहमीच्या निम्मंच अंतर ठेवावं.